पहिले स्टेशन मशीद

मुंबईच्या विजेच्या लोकलला ३ फेब्रुवारी २०२५ रोजी शंभर वर्षे पुरी झाली. त्या आठवड्यात आमच्या मोबाइलवर दुसरे काही येतच नव्हते. बोरीबंदरची इमारत, काळ्या-पांढऱ्या फोटोंतले जुने डबे, वर कसले तरी मोठ्या आवाजातले संगीत. अशदोदहून आले तेच लोदहून आले, लोदहून आले तेच दिमोनाहून पुन्हा आले. आम्ही त्यांतले एकही पुसले नाही. मुंबई सोडून पन्नास-साठ वर्षे झाली तरी ज्यांना अजून स्वप्नात 'फास्ट की स्लो?' असे विचारायची सवय आहे, त्यांतलेच आम्ही.

परंतु सगळे पाहून झाल्यावर मनात काहीतरी राहिले. काय राहिले ते तेव्हा सांगता येईना. पुढे हिवाळ्यात मुंबईस जाणे झाले. तिथे पैसे भरून एका वारसा-फेरीत सामील झालो, दोन-चार ठिकाणे आमची आम्ही पाहिली, तेव्हा ते ध्यानात आले.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. बोरीबंदरची इमारत डोळे भरून पाहावी ती म्हातारपणीच. नोकरीच्या दिवसांत आपण तिच्यातून हजार वेळा गेलो असू, पण मान वर करून कोण पाहणार? कल्याण गाडी चुकेल ही धास्ती. फ्रेडरिक स्टीव्हन्सने १८७८ मध्ये हे काम हाती घेतले आणि ते पुरे व्हायला दहा वर्षे लागली. घुमटावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ती आहे, फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि एकीकडे वाघ, आणि कमानींवर, खांबांवर जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी कोरलेली पाने, फुले, पशुपक्षी. २००४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले ते उगीच नाही. आमच्या फेरीचा वाटाड्या पंचविशीतला मुलगा होता. त्याला एकेक दगड पाठ होता, आणि बोलणेही गोड. म्हाताऱ्यांना बसायला जागा शोधून देणारा वाटाड्या मिळणे हेही काही थोडे नाही.

दोन तास तो दगडांविषयी बोलला. दर्शनी भिंतीवर कंपनीच्या मोठ्या लोकांचे चेहरे कोरलेले आहेत, त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे आपले दोघे आहेत, तेही त्याने दाखवले. शंकरशेटांनी आणि जमशेटजींनी मागे लागून ही रेल्वे मुंबईत आणवली, हे खरेच आहे, आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. मग आम्ही विचारले, "बाबा रे, या इमारतीत कामाला कोण होते? खिडकीत बसून तिकिटे कोण देत होते? हिशेब कोण लिहीत होते?" तो हसला आणि म्हणाला, "काका, ते आमच्या माहितीत नाही." त्याचा काय दोष? त्याला जे शिकवले ते त्याने सांगितले. स्टीव्हन्सच्या हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य नावाचे मराठी साहाय्यक इंजिनिअर होते, एवढे जरी त्याच्या कागदावर असते तरी आम्ही खूश झालो असतो.

मुंबईच्या रेल्वेचा वारसा म्हणून जे साजरे होते ते बहुतेक दोन गोष्टींचे. एक दगड आणि दुसरे 'पहिले'. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौतीस किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी; इंजिने तीन आणि त्यांची नावे साहिब, सिंध व सुलतान. हे शाळेच्या पुस्तकातही आहे. पहिली विजेची गाडी १९२५, व्ही.टी. ते कुर्ला, हार्बरच्या वाटेने, चार डब्यांची. हेही आता सर्वांना पाठ झाले. पण वीज कशाला आणली, हे त्या सगळ्या चित्रफितींत आम्हांला एकदाही ऐकू आले नाही. ते सांगितले असते तर आजच्या मुलांना तो बदल केवढा होता हे कळले असते. वाफेचे इंजिन थांबले की पुन्हा वेग घ्यायला वेळ लावते, आणि मुंबईत तर मैल-दीड मैलावर स्टेशन. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे, त्यात आणखी वेळ. विजेची गाडी दोन्ही टोकांनी चालते. मोटरमन डबा उतरून पलीकडे चालत गेला की गाडी तयार. घाटातल्या पाण्यावर टाटांनी खोपोलीला वीज काढलेली होतीच, पुढे रेल्वेने ठाकुर्लीला स्वतःचे चोळा पॉवर हाऊस बांधले. कल्याण-डोंबिवलीकडच्या आपल्या मंडळींना त्याची धुरांडी आठवत असतील. गंमत अशी की ज्या पंधराशे व्होल्टच्या विजेची शताब्दी झाली, ती वीज लोकलवरून २०१६ मध्येच गेली. आता पंचवीस हजार व्होल्टची आहे. ज्याचा वाढदिवस करायचा ते नऊ वर्षांपूर्वीच निवर्तले होते, पण हा मुद्दा आम्ही ताणत नाही.

आता आमच्या मनात राहिले होते त्या गोष्टीकडे येतो. १९२५ ची ती पहिली गाडी व्ही.टी.हून निघाली तेव्हा वाटेत लागणारे पहिले स्टेशन कोणते? मशीद.

वाचकांना हे वेगळे सांगायला नको. आपल्या घरी सिनॅगॉग हा शब्द फार उशिरा आला. आपले वाडवडील मशीदच म्हणत. जुनी मशीद आणि नवी मशीद. सामाजी हसाजी दिवेकर यांनी टिपूच्या कैदेतून सुटल्यावर नवस फेडण्यासाठी १७९६ मध्ये शाअर हारहमीम बांधली, ती जुनी मशीद. तिच्या रस्त्याला त्यांच्या नावाने सॅम्युअल स्ट्रीट म्हणू लागले, भोवतालच्या वस्तीला इस्राएल मोहल्ला. १८६० मध्ये मशीद तिथून थोडी हलून आजच्या जागी आली. आणि रेल्वेच्या स्टेशनाला जे नाव पडले ते याच मशिदीवरून, असे आपली वडीलधारी माणसे सांगत आली. मुंबईच्या इतिहासावर लिहिणाऱ्या अनेकांनीही तसेच लिहिले आहे. जवळपासच्या मुसलमानी मशिदीवरून नाव पडले असे म्हणणारेही आहेत. आम्ही भांडायला बसलेलो नाही. पण एवढे खरे की त्या स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दोनशेहून अधिक वर्षांचे आमचे प्रार्थनालय उभे आहे, आणि वारसा-फेरीची गाडी त्याच्या बाजूने धडधडत निघून जाते.

आम्ही मशीद स्टेशनवर मुद्दाम उतरलो. फेरी तिथे थांबणार नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी आमचे आम्ही गेलो. खाली तीच हमालांची गर्दी, हातगाड्या, मसाल्याचा वास, पोत्यांवर पोती. वरून पूल, पुलावरून लोकांचा लोंढा. स्टेशनाच्या नावाची गोष्ट सांगणारी पाटी तिथे शोधली, आम्हांला दिसली नाही. एका दुकानदाराला विचारले तर तो म्हणाला, "यहूदी लोकांची ना? त्या गल्लीत." त्याला माहीत होते. त्याच्या बापाच्या वेळेपासून शनिवारी सकाळी टोपीवाले लोक जाताना तो पाहत आला होता. हल्ली फारच थोडे येतात, असेही म्हणाला. शताब्दीच्या सोहळ्यात जे ऐकू आले नाही ते आम्हांला एका सुतळी विकणाऱ्या माणसाने सांगितले.

नावांचा प्रश्न निघालाच आहे म्हणून एक बाजूची गोष्ट. २०२४ मध्ये राज्य सरकारने काही इंग्रजी नावांची स्टेशने बदलायचे ठरवले. सँडहर्स्ट रोडचे डोंगरी, करी रोडचे लालबाग, मरीन लाइन्सचे मुंबादेवी, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, डॉकयार्ड रोडचे माझगाव. सँडहर्स्ट हा गव्हर्नर होता, त्याच्यासाठी आम्ही रडणार नाही. डोंगरी आणि माझगाव ही नावे इंग्रजांच्या कितीतरी आधीची. पण चर्नी रोड हे नाव गुरांच्या चरणीवरून आले असे जुने लोक सांगतात, म्हणजे ते मुळात मराठीच निघते. नाव बदलताना ते कुठून आले हे आधी नीट विचारावे, एवढीच आमची विनंती. डॉकयार्ड रोडला उतरून भाऊच्या धक्क्यावर जायचे आणि रेवसची बोट धरून अलिबागेकडे गावी जायचे, हा आपल्या लोकांचा ठरलेला रस्ता होता, आणि त्याच स्टेशनावरून कितीतरी मुले माझगावच्या सर एली कदूरी शाळेत गेली. त्या मुलांना, आता ती ऐंशीच्या घरात आहेत, माझगाव म्हटले तरी चालेल आणि डॉकयार्ड रोड म्हटले तरी चालेल. त्यांना मशीद स्टेशन मात्र मशीदच हवे आहे.

भायखळ्याचे स्टेशन पाहून मात्र आमचे मन भरले. १८९१ ची ती इमारत. गेल्या काही वर्षांत तिची दुरुस्ती करून जुने रूप परत आणले आणि २०२२ मध्ये युनेस्कोचे आशिया-पॅसिफिकचे पारितोषिकही मिळाले. रंगांचे थर खरवडून आतला दगड काढला आहे, लोखंडी खांब, लाकूडकाम, खिडक्या सगळे जागच्या जागी. पण पारितोषिकापेक्षा आम्हांला एक गोष्ट आवडली. ते स्टेशन अजून स्टेशनच आहे. भाजीच्या टोपल्या घेऊन बाया चढतात, मुले दारात लोंबकळतात, इंडिकेटर लागतो, लोक धावतात. वारसा पाहायला तिकीट लागत नाही, लागते ते प्रवासाचेच. नागपाडा, आग्रीपाडा, जेकब सर्कल इथली आपली निम्मी वस्ती याच स्टेशनाने मोठी झाली. ज्यांनी हे काम केले त्यांनी इमारत जशी जुनी ठेवली तशी तिच्यातली गडबडही तशीच राहू दिली. इमारत वापरात ठेवून जपायची म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने भायखळ्याला जावे.

इथे आपल्या येरुशलायीमची आठवण झाली. याफो ते येरुशलायीम ही गाडी १८९२ मध्ये सुरू झाली, तुर्कांच्या अमदानीत. ते जुने स्टेशन १९९८ मध्ये बंद पडले, कितीतरी वर्षे ओसाड होते, आणि २०१३ मध्ये 'तहाना रिशोना' म्हणून पुन्हा उघडले. आता तिथे खानावळी आहेत, दुकाने आहेत, शुक्रवारी सकाळी नातवंडांना घेऊन जायला फार छान जागा. आम्हीही जातो. रूळ जागेवर आहेत, त्यांवर मुले उड्या मारतात. फक्त गाडी येत नाही. बेर-शेवाच्या जुन्या तुर्की स्टेशनाचेही तेच, १९१५ चे, नीट डागडुजी केलेले, आणि निवांत. तिथे एका बाकावर बसून आम्हांला शांत वाटले, पण घड्याळाकडे एकदाही पाहावेसे वाटले नाही. ज्या स्टेशनावर घड्याळाकडे पाहावे लागत नाही ते आम्ही सुंदर म्हणू, पण स्टेशन म्हणायला जीभ अडखळते. मुंबईचे जुने कुलाबा टर्मिनस १९३० साल संपताना बंद झाले आणि पुढे पार पुसले गेले. त्या जागी आज बधवार पार्क आहे. पुसून टाकणे, खानावळ करणे आणि चालू ठेवणे, या तिन्हींत तिसरे सर्वांत अवघड, म्हणून त्याची किंमत अधिक.

आता दुसऱ्यांना पुरेसे बोललो, थोडे स्वतःकडे वळतो. मुंबईवाल्यांनी माणसे विसरली असे म्हणणारे आम्ही तरी काय करतो? आपल्या समाजाच्या स्मरणिका काढून पाहा. घरातल्या कपाटात असतील त्या आम्ही परत आल्यावर एकेक चाळल्या. कोणत्या मशिदीला कोणी घड्याळ दिले, कोणी सेफेर तोरा दिला, अध्यक्ष कोण, खजिनदार कोण, सारे आहे. फोटोत हार घातलेली माणसे आहेत. पण ज्या पगारातून ते घड्याळ आले तो पगार कुठून आला? रेल्वेतून, पोस्टातून, कस्टममधून, पलटणीतून. जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. या दोन कंपन्यांनी आपली किती घरे जगवली, आणि पुणे, अहमदाबाद, अजमेर, कराची अशा गावी आपले लोक कशाच्या मागे गेले, याचा नीट हिशेब कोणीच मांडलेला नाही. स्मरणिकेत एक ओळ असते, 'रेल्वेत नोकरीस होते.' झाले.

त्या एका ओळीत काय काय होते ते ज्यांनी पाहिले ते अजून आपल्यात आहेत. रात्री दोन वाजता कॉलबॉय येऊन दारावर काठी आपटायचा, "डायवर साब, ड्यूटी!", आणि सगळी चाळ जागी व्हायची. गार्डाची लोखंडी पेटी, तिच्यात झेंड्या, कंदील, वेळापत्रक आणि जेवणाचा डबा. वर्षाचा पास मिळाला की सगळे कुटुंब पेट्या-वळकट्यांसह कुठल्या तरी लांबच्या मावशीकडे. कसारा घाटात 'खेकडा' इंजिन कण्हत चढायचे, मुले त्याची नक्कल करायची. आणि शनिवार. गाड्या शनिवारी थांबत नाहीत, हे आपल्या रेल्वेवाल्यांचे कायमचे दुखणे. एका घरी आम्हांला सांगितले की त्यांच्या वडिलांनी आणि एका ख्रिस्ती गार्डाने वर्षानुवर्षे अदलाबदल केली. रविवारी हा, शनिवारी तो. वरच्या साहेबाला ते माहीत होते आणि त्याने कधी विचारले नाही. दुसऱ्या एका घरी असे काही जमले नाही. त्या गृहस्थांनी एकतीस वर्षे शब्बाथला नोकरी केली, शुक्रवारी रात्रीचे हमोत्सी दुपारीच उरकून निघायचे, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्या शनिवारी मशिदीत गेले तेव्हा त्यांना नेहमीची बसायची जागाच नव्हती. त्यांच्या मुलीने हे सांगितले तेव्हा ती हसत होती.

हा वारसा कोणत्या दगडात कोरणार? कोणी कोरणार नाही, आणि कोरावाच असे आमचे म्हणणेही नाही. पण मुंबईत पुढचा सोहळा होईल तेव्हा कोणी विचारले, तर द्यायला आपल्याजवळ चार पाने लिहिलेली असावीत. वाटाड्याच्या हातात जो कागद असतो तो कोणीतरी लिहून दिलेला असतो. आपण दिला नाही, म्हणून त्यात आपण नाही. आमचा राग अर्धा तिथेच उतरला.

या लेखाची तयारी चालली आहे हे कळल्यावर एका भगिनीने आम्हांला एक फोटो आणून दिला, तो सोबत छापला आहे. लोको शेडच्या दारात सहा माणसे, चार बसलेली, दोन उभी, मागे इंजिनाचे अर्धे तोंड. पाठीमागे पेन्सिलीने नावे लिहिली आहेत. पाच वाचता आली, त्या कुटुंबांना आम्ही कळवले आहे. बसलेल्यांपैकी डावीकडून तिसरे, मिशीवाले, मांडीवर टोपी ठेवलेले, त्यांचे नाव पाण्याने पुसले गेले आहे. आडनावातले शेवटचे 'कर' तेवढे वाचता येते, आणि आपल्यात त्याचा उपयोग किती ते वाचकांस ठाऊकच आहे. कोणास चेहरा ओळखीचा वाटला तर कृपया कळवावे.